किमान मीटर पंचवीस

पौषातली थंडी अशी पडली होती, की सुलतानपूरच्या वेशीतली कुत्री राखेच्या ढिगात शिरून नुसती नाकं बाहेर ठेवत. ऊन आलं होतं, पण त्यात दम नव्हता. अशा सकाळी उकंडरावचं पहिलं काम म्हणजे चुलीवरचा डबा उतरवायचा आणि त्यातलं गरम पाणी जीपच्या रेडिएटरमध्ये ओतायचं. त्याची बायको मंजुळाबाई हे रोज पाही आणि रोज बोले.

"सोता थंड्या पान्यानं आंघोय कराची, अन् त्या लोखंडाले ऊन पानी! मी बी बायकोच आहो ना तुमची?"

"तुले हँडल माराव लागत नाई," उकंडराव म्हणे. "तू आपोआप सुरू होतं."

जीप लढाईतली. अमेरिकेच्या फौजेनं मागं सोडलेली, नागपूरच्या लिलावातून फिरत फिरत सुलतानपुरात आलेली. तिचं स्टेअरिंग डावीकडं. त्यामुळं गावोगावची माणसं सवयीनं उजवीकडच्या उतारूला रामराम घालत, त्याच्याच हातात डबा देत, आणि "पोरीले नीट पोचवजो बाप्पा" म्हणून त्यालाच बजावत. उकंडराव डाव्या अंगाला गप बसून असे.

उकंडा म्हणजे उकिरडा. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं तिसरं जन्मल्याबरोबर उकंड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणलं, आणि तेच नाव पडलं. उकंड्यावरून उचललेलं पोर फार जपून वाढवतात. झाडावर चढू दिलं नाही, नदीत उतरू दिलं नाही. ते जपणं त्याच्या अंगातच मुरलं. गाडी हाती आली तेव्हा मीटरचा काटा बारावर नेऊन त्यानं जो ठेवला, तो ठेवलाच. मागून बैलगाडी आली तर हा हात बाहेर काढून तिला वाट देई. पोरं जीपमागं धावत सुटत, आणि थोड्या वेळानं कंटाळून पुढं निघून जात.

पण पंचक्रोशीत पोटुशी बाई हलवायची म्हटलं की दुसऱ्या कोणाचं नाव निघत नसे. यष्टीचे धक्के, बैलगाडीचे हिसके, आणि उकंडरावची जीप. यात निवड करायला कोणी सल्ला विचारत नव्हतं. त्याच्या गाडीत आजवर कोण्या बाईनं "माय वं" म्हटलं नव्हतं. हीच त्याची कमाई, आणि तो ती जपून होता.

म्हणून त्या पौषात सत्यभामाबाई दारात आल्या, तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. सत्यभामाबाईंना चार मुलगे आणि शेवटची एकच लेक, रुख्मिणी. ती धाड गावाला दिलेली.

"उकंडा, सक्रांतीची कर झाली का निघजो. रुख्मिनीले सातवा सरून राह्यला. पयलटकरीन हाये माही पोरगी. तुह्या भरोशावर आनतो."

"हाव मावशी. पान्याचा हंडा आनल्यावानी आनतो."

हे ठरून दोन दिवस झाले नाहीत, तो वेशीजवळ पाटी उभी राहिली, आणि तशीच एक गावाच्या दुसऱ्या टोकाला.

नवं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि सगळंच नवं होत होतं. शेर जाऊन किलो आला, आणे जाऊन नवे पैसे आले. त्यातलीच ही पाटी. पांढऱ्या पत्र्यावर काळी अक्षरं: वेग मर्यादा २५ कि. मी. खाली कोणाची सही नाही, शिक्का नाही. वाचून दाखवायला शालिग्राम मास्तर आले. मास्तरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि आयुष्यभर त्यांनी पोरांना मैल आणि फर्लांग घोकून घेतले होते. किलोमीटर त्यांच्यामागून शाळेत आला. दोघांची गाठ पडली नव्हती.

मास्तरांनी चष्मा पुसला. "वेग मर्यादा पंचवीस. हे सोपं आहे. आता हे कि. मी. कि म्हणजे किमान. मी म्हणजे मीटर. मीटरवर किमान पंचवीस पाहिजे."

"किमान म्हंजे?" उकंडरावनं विचारलं.

"म्हणजे त्याच्या खाली चालणार नाही."

उकंडराव पाटीच्या आणखी जवळ सरकला. "मास्तर, मर्यादा म्हंजे हळूच ना? सुनेनं मर्यादेनं चालाव म्हनते. म्हंजे काई पयत सुटाव असं नाई."

"सुनेची मर्यादा वेगळी, सरकारची वेगळी," मास्तर म्हणाले. "पंचवार्षिक योजना चालू आहे, उकंडा. देशाला वेग पाहिजे. तू बारावर चालून देशाला मागं ओढून राह्यला."

देशाला मागं ओढल्याचा आरोप उकंडराववर याआधी झाला नव्हता. घरी येऊन तो जेवला नाही. मंजुळाबाईनं विचारलं, "काऊन तोंड पाडून बसले?"

"सरकारले घाई झाली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गावानं चमत्कार पाहिला. चार कोस लांबून जीप आपली बाराच्या चालीनं डुलत येई. पाटी दिसली की उकंडराव देवाचं नाव घेई, टोपी घट्ट करी आणि पाय दाबी. काटा पंचवीसवर गेला की गावातून वावटळ निघे. कोंबड्या छपरावर, शेळ्या ओट्यावर, वेशीतल्या कलाबाईचं वाळत घातलेलं लुगडं जीपच्या टपावर. गावाच्या दुसऱ्या टोकाची पाटी मागं पडली की जीप धापा टाकत पुन्हा बारावर. उतरून उकंडराव प्रत्येक घरी जाऊन हात जोडे. "काय करू बाप्पा, हुकूम हाये."

तेवढ्यात जर्मन साहेब आला. लोणारच्या सरोवराचे दगड तपासायला तो थेट आपल्या देशातून आला होता, आणि त्याच्यासोबत नागपूरचे प्रोफेसर भगवंतराव दुभाषी होते. गावाला जर्मन म्हणजे जर्मनची पातेली, तीच ती अ‍ॅल्युमिनियमची हलकी, चेपणारी भांडी. म्हणून जर्मनचा माणूस पाहायला वेशीत गर्दी जमली.

"लय पांढरा हाये, पन चेपलेला नाई दिसत," कलाबाई म्हणाली.

साहेब जीपमध्ये उजवीकडं बसला, प्रोफेसर मागं, आणि उकंडरावनं नेमाप्रमाणं वेशीतून पाय दाबला. पण त्या दिवशी लिंबाखाली हवालदार शेषराव बसले होते. रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा, हातात घड्याळ, मांडीवर आकड्यांचा कागद. जीप दोन्ही रेघा ओलांडून गेली, तसे ते शिट्टी वाजवत उठले. शिट्टी ऐकून उकंडरावला वाटलं, सरकार शाबासकी देतंय. त्यानं हसून गाडी थांबवली.

शेषराव उजवीकडून आले आणि साहेबापुढं हात पसरला. "लायसन."

साहेबानं अदबीनं पासपोर्ट दिला. शेषरावांनी तो उलटा धरला, सरळ धरला, फोटो पाहिला, साहेब पाहिला. "हे तुमचं लायसन?"

"हवालदार सायब, डायवर मी आहो. अथी, डाव्या अंगाले."

शेषराव त्याला ओळखत होते. त्यांची थोरली सून याच जीपमधून आली होती. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. "उकंडराव? तुमी? चाळीस भरले बाप्पा!"

"चाळीस? माह्या मीटरात पंचवीस हायेत. एक कमी नाई, एक जास्त नाई."

"माह्या घडीत चाळीस आले."

"मंग घडीले तेल घाला."

हे बोलायला नको होतं. शेषरावांनी लायसन काढून घेतलं, चिठ्ठी लिहिली आणि मंगळवारी तालुक्याच्या कोर्टात या म्हणून सांगितलं. तोवर चिठ्ठीवर गाडी चालवा, लायसनचं काय करायचं ते कोर्ट ठरवील.

जीप लोणारच्या रस्त्याला लागण्याआधी ही बातमी सत्यभामाबाईंच्या चुलीपर्यंत पोचली होती. गाडी बाराच्या चालीनं जात होती, त्यामुळं त्यांचा सांगावा घेऊन पायी निघालेल्या शेजारच्या दयारामनं ती अर्ध्या कोसावर गाठली. त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

"सत्यभामा काकूनं सांगतलं, हुकूम असता तं हवालदारानं धरलं नसतं; पयनाऱ्या डायवरच्या गाडीत मी पोरगी बसवत नाई. रुख्मिनीले आनाले दुसरी गाडी पायतो म्हने."

उकंडरावनं गाडी थांबवली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवलं. लायसन गेलं तर एकवेळ शेती होती. पण पळणारा डायवर! उद्या कोणी आपली पोटुशी सून याच्या सावलीला उभी करणार नव्हतं.

साहेबानं प्रोफेसरांना काहीतरी विचारलं. प्रोफेसर म्हणाले, "साहेब विचारताहेत, इतका वेळ ते कोड्यात आहेत. गावात तुम्ही वाऱ्यासारखे गेलात आणि मोकळ्या रानात मुंगीसारखे. असं का?"

"गावात पाटी हाये ना. किमान मीटर पंचवीस. रानात पाटी नाई, मंग रानात आपल्या मनाचं."

हे जर्मनमध्ये सांगताना प्रोफेसरांना दोनदा थांबावं लागलं. साहेब आधी गंभीर झाला, मग त्याचा चेहरा लाल झाला, मग तो जीपमधून उतरून बाभळीला धरून हसला. परत आल्यावर त्यानं मीटरच्या काचेवर बोट ठेवलं.

"ते म्हणतात, कि. मी. म्हणजे किलोमीटर," प्रोफेसर म्हणाले. "गाडी अमेरिकेची, तिचं मीटर मैलाचं. पाटी किलोमीटरची. तुमचे पंचवीस मैल म्हणजे हवालदारांचे चाळीस किलोमीटर. तुम्ही दोघंही खरं बोलत होता."

उकंडरावनंही काचेवर बोट ठेवून पाहिलं. "म्हंजे धाडची पायली अन् मोताळ्याची पायली. दोनी पायल्याच, पन मापात कुठी मियते?"

"तसंच. आणि मर्यादा म्हणजे त्याच्या वर जायचं नाही. प्रत्येक देशाचा आकडा वेगळा. साहेबांच्या देशात गावातून पन्नास किलोमीटर. इंग्लंडात तीस, पण मैल. साहेबांकडं गावाबाहेर मात्र मर्यादाच नाही, कितीही पळवा."

"मर्यादाच नाई?"

"नाही."

उकंडरावच्या तोंडावर पहिल्यांदा उजेड आला. "समजलं! गावात सून, गावाबाहेर माहेरवाशीन!"

हे वाक्य साहेबानं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, जगात कुठंही गेलं तरी गावात हळू आणि बाहेर जोरात. उलटा कायदा चालवणारा देश त्यानं इथंच पाहिला, आणि त्या देशात एकच माणूस राहतो.

मंगळवारी कोर्टात उकंडराव शालिग्राम मास्तरांना घेऊन गेला. मास्तर येत नव्हते. मंजुळाबाईनं त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, "मास्तर, तुमच्या किमानापायी माह्या घरची गाडी गेली, तं तुमच्या नातसुनेले धक्के खात यष्टीनं याव लागन." मग आले.

न्यायाधीशांनी सगळं ऐकून विचारलं, "कि. मी. म्हणजे किमान मीटर, हे कोणी सांगितलं?"

मास्तर उभे राहिले. चाळीस वर्षं पोरांना उभं करणारा माणूस आज स्वतःच उभा होता. "मी, साहेब. माझ्या वेळी मैल होते."

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. रुमाल बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी हवालदारांना विचारलं, या माणसाबद्दल याआधी काही तक्रार?

"एकच, सायब," शेषराव म्हणाले. "लय हळू चालवते म्हून मागच्या गाड्यावाले वराडते."

ताकीद देऊन लायसन परत मिळालं. उकंडराव तसाच सत्यभामाबाईंच्या दारात गेला आणि लायसन त्यांच्यापुढं ठेवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोर्टानं सोडलं. मी कुठी सोडलं?"

"मावशी, मैल अन् किलोमीटर..."

"ते तू जर्मनच्या मानसाले सांग. मले येक सांग, पोरगी गाडीत असन तवा काटा कुठी राहीन?"

"बारावर."

"पुना कोनी पाटी गाडली तं?"

उकंडरावनं लायसन उचलून उलटंसुलटं करून पाहिलं. खरंच, पुन्हा कोणी पाटी गाडली तर? मोठ्या गावांच्या वेशीत काय लिहिलं असेल, कोणाला ठाऊक!

सत्यभामाबाई उठल्या. उकंडरावच्या घरापाशी येऊन मंजुळाबाईला हाक मारून कुंकवाचा करंडा आणायला सांगितला. जीपजवळ येऊन त्यांनी विचारलं, सरकारचे पंचवीस तुह्या मीटरात कुठी येते? उकंडरावनं पंधराच्या जरा पुढं बोट ठेवलं. "मंग मी पंधरावर ठेवतो," त्या म्हणाल्या, आणि मंजुळाबाईनं तेलात कालवून दिलेल्या कुंकवाची आडवी रेघ त्यांनी काचेवर ओढली.

"सरकारची पाटी वेशीत राह्यते. हे पाटी तुह्या डोयापुढं राहीन. याच्या पल्याड काटा गेला, तं मी पोरीचं बाळंतपन तुह्याच घरात करीन. तुह्या हातानं."

करीच्या दुसऱ्या दिवशी उकंडराव धाडला गेला, मुक्काम करून रुख्मिणीला घेऊन निघाला. गाडीत गोधडीवर गोधडी. चिखलीच्या अलीकडं रुख्मिणी कंटाळली.

"काका, बैलगाडी पुढं जाऊन राह्यली."

"जाऊ दे माय. तिले बाळंतपन नाई कराचं."

"आतालोग तीन गेल्या. आता तं म्हातारीबी चालली. हाना ना जराक."

"कुक्कू आडवं येते," उकंडराव म्हणाला.

सुलतानपूरच्या पाटीजवळ ते पोचले तेव्हा गुरं घरी येत होती. पाटीपाशी उकंडरावनं काटा बारावरून आठवर आणला. सून म्हटली की सून. गुरांच्या मागोमाग, त्यांच्याच चालीनं, जीप वेशीतून आत शिरली. छपरावर चढायची सवय लागलेल्या दोन कोंबड्यांनी खाली वाकून पाहिलं आणि त्या तिथंच बसून राहिल्या.

सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला उतरवून घेतलं, मग जीपच्या डाव्या बाजूला आल्या आणि वाकून काच पाहिली.

"काई धक्का लागला का व?"

"धक्का कायचा," रुख्मिणी म्हणाली. "झोप लागली, उठली, पुना झोपली. तरी चिखलीच."

"मंग ठीक हाये," सत्यभामाबाई म्हणाल्या. "उकंडा, शेषरावाची धाकटी सून बी सातव्यात हाये. ते तुलेच इचारून राह्यले होते."

उकंडरावनं जीप घराकडं वळवली. घरी येऊन त्यानं फडकं घेतलं, जीपच्या तोंडावरची धूळ पुसली, मीटरची काचही पुसली; कुंकवाची रेघ तेवढी बोटानं झाकून. मग बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात लावून पाहिला, आणि उद्याच्या पाण्यासाठी डबा घेऊन विहिरीकडं निघाला.