हवामहलला समोरून दार नाही

म्हैसूरचा राजवाडा, प्लाय आणि बांबूत, घुमटांसकट. उदयपूरचा तलावातला महाल, खाली ताडपत्रीत खरं पाणी. ग्वाल्हेर किल्ल्याची निळी भिंत, तिच्यावरचं एकेक बदक हाताने रंगवलेलं. ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या गणपती मंडपांत हे सगळं मी उभं केलंय. आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही. फोटो बघायचा, मापं काढायची, करवत उचलायची.

यंदा कल्याणच्या एका मंडळाला जयपूरचा हवामहल हवा होता. अध्यक्ष किरण म्हणाला, "काका, समोर मोठ्ठं दार काढा. लाइन आत घुसली पाहिजे, आतच बाप्पा."

फोटोत मला समोर दार दिसेना. म्हटलं, बघूनच येतो. चुकीचा महाल माझ्या हातून उभा राहणार नाही. त्याच आठवड्यात तिथे तीजेची, म्हणजे पार्वतीच्या सणाची, मिरवणूक होती, म्हणून बायको मंदाही निघाली.

गाडी बोरिवलीहून. डोंबिवलीकरांनो, घरून दुपारीच निघा. घोडबंदर रोडवर आमचं अर्धं आयुष्य गेलं.

जयपूरला 'गुलाबी शहर' म्हणतात. रंग गेरूचा आहे, आणि तोही वायरींच्या जंजाळातून शोधावा लागतो. संध्याकाळी पर्यटकांसाठी उभारलेल्या एका 'राजस्थानी खेड्यात' गेलो. माणशी हजार रुपये. झोपड्या सिमेंटच्या, बाहुल्या सिनेमाच्या गाण्यावर नाचणाऱ्या, दरवानाच्या मिशा चिकटवलेल्या. डिंकाची कड दिसत होती!

"अहो, मिशा नका बघू," मंदा म्हणाली. "बाटी खरी आहे, ती खा."

मिरवणुकीत हत्ती, उंट, बँड, आणि देवीपेक्षा मोबाइल जास्त. तीजेची मिठाई, घेवर, मात्र चुकवू नका.

सकाळी हवामहल. समोरच्या गच्चीवर दीडशेचा चहा मिळतो, कोमट. लोक तिथूनच फोटो काढतात आणि हवामहल पाहिला म्हणून सांगत सुटतात. समोर दार नाहीच. मागच्या बाजूने आत शिरायचं, जिन्यांऐवजी उतारावरून चढायचं. वरचे मजले एका खोलीएवढेच रुंद. नुसता पडदा, दगडचुन्याचा.

मंदाने खिडकीच्या जाळीला गाल टेकवला. "अहो, मला सगळे दिसतायत. मी कोणालाच दिसत नाहीये!"

माझ्याकडे यावर टीका नव्हती.

परतल्यावर किरण शीळफाट्याच्या माझ्या शेडवर आला. "लाइन मागून घे," मी म्हटलं. "राण्या लपून रस्ता बघायच्या. समोर दार पाडलं की सगळं फुकट."

"काका, पाहुणे मागून येणार काय? फोटोचं काय? आणि बाप्पा तरी कुठे हवामहलात बसलेला?"

"बाप्पा कुठेही बसेल रे. दार पाडलंस तर तो हवामहल राहणार नाही, लग्नाचा हॉल होईल."

तो हसला. मी हसलो नाही.

सहलीतून काय राहिलं म्हणाल, तर मंदाच्या गालावर उठलेली ती जाळीची खूण. बाकी जयपूर तुम्ही टीव्हीवर पाहिलंत तरी चालेल.

किरण निघता निघता दारासाठी पन्नास हजार वाढवून देतो म्हणाला. म्हणजे कामाचे सगळे मिळून चार लाख. मी नाही म्हटलं.