हवेच्या पाइपातली चिंधी

घाटात पुढच्या गाडीने काळा धूर सोडला की माझं तोंड कडू होतं. खूप वर्षांपूर्वी आमची पिकअप सुका जवळा घेऊन मनोरच्या बाजाराला जायची. एकाएकी तिचा जोरच गेला. चढावर ती रांगायची आणि मागे धुराचा लोट उठायचा. मासवणकडचा आमचा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, गाडीला हवा नाय मिळत. एकदा फिल्टर खोलूया." पण याने डिझेल विकून टाकीत रॉकेल ओतलंय, असं मी जवळा सुकवायच्या खळ्यावर सगळ्या बायांसमोर बोलले. "आमी तसं कदी केला नाय," एवढंच म्हणून त्याने चावी जवळ्याच्या टोपलीवर ठेवली आणि चालत निघून गेला. मग भावाला घेऊन मी गाडी बोईसरच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकने फिल्टरचा डबा खोलला, हवेच्या पाइपात बोटं घातली आणि एक काळी चिंधी ओढून काढली. धुळीतूनही तिच्या हिरव्या चौकड्या दिसत होत्या. माझ्याच जुन्या लुगड्याची होती ती. जवळ्याच्या वासाने उंदीर आत शिरतात, म्हणून उभ्या गाडीच्या पाइपात मीच ती कोंबायची. एका सकाळी काढायला विसरले होते. "ये किसने डाला?" मेकॅनिकने विचारलं. भाऊ माझ्याकडे बघत होता. "ड्रायव्हरने," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी परवा तो ड्रायव्हर मनोरच्या बाजारात भेटला. केस पिकलेत त्याचे. हसून म्हणाला, "मावशी, तवा गाडीला काय झाला व्हता?" मी सुपातला जवळा पाखडत राहिले. म्हटलं, "आता आठवत नाय."