बंद खिडक्या आणि धुरी

आज तव्यावर भाजायला टाकलेला ओवा करपला आणि त्या वासाने मला माझी लेक दोन महिन्यांची असतानाचा दिवस आठवला. वसईत आमचं घर अगदी रस्त्यालगत. चिंचोटीकडून खडीच्या गाड्या दिवसभर यायच्या आणि सकाळी पुसलेला खिडकीचा कट्टा दुपारी पुन्हा करडा व्हायचा. बाळंतपणासाठी कोकणातून आलेली माझी आई फडकं पिळताना ते काळं पाणी बघायची आणि म्हणायची, "खिडक्या लाव गो, हे सगळं बाळाच्या छातीत जाईल." मग मी खिडक्या घट्ट लावायचे, आणि आंघोळ झाली की आई निखाऱ्यांवर ओवा आणि लसणीची सालं टाकून बाळाला धुरी द्यायची. त्या दिवशी धुरीनंतर लेकीचा खोकला थांबेना. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, तशी आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खिडक्या बंद होत्या ना? मग तो धूर गेला कुठे?" घरी आलो तेव्हा निखारे केव्हाच विझलेले होते, तरी आईने शेगडीत तांब्याभर पाणी ओतलं. म्हणाली, "तुलाही अशीच दिली होती गो, पण तिथे धूर कौलांतून निघून जायचा." लेक आता शाळेत जाते, दप्तरात दम्याचा पंप असतो. करपलेल्या ओव्याचा धूर बाहेर जावा म्हणून मी खिडकीला हात घातला, तर खालून खडीची गाडी धुरळा उडवत चालली होती. आत लेक खोकली, आणि माझा हात कडीवर तसाच राहिला.