भेगेवरचा पांढरा पट्टा

नाखवा मशीन रंगवण्याआधी ते खरवडून बघायचे. खिशातून पत्र्याचा तुकडा काढायचा, एका कोपऱ्यात नखाएवढी जागा घासायची, चष्मा कपाळावर सारायचा आणि रंगाचे थर वाचायचे. माझ्या गाळ्यातलं, लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "वरचा राखाडी विकणाऱ्याने फासलाय. खाली हिरव्याचे दोन हात हायेत, त्याच्याखाली अस्तर. पयला मालक नीट होता, भाऊ." मशीन घेताना मीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.

ते मूळचे शिरगावचे, मच्छीमाराच्या घरातले. उमेदीची वर्षं होड्या रंगवण्यात गेली. गुडघे कुरकुरायला लागले तसे बोईसरला एमआयडीसीत येऊन मशीनं रंगवू लागले. तिथे उत्तरेकडच्या कामगारांपासून गाळेमालकांपर्यंत सगळे त्यांना नाखवा, म्हणजे होडीचा मालक, असंच म्हणायचे. स्वतःची होडी काही कधी झाली नाही, हे ते स्वतःच हसत सांगत.

रंगाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. मशीनचं अंग गडद हिरवं, कारण माणूस दिवसभर त्याच्याकडेच बघतो, डोळ्यांना त्रास नको. तेल सोडायचं भोक लाल, म्हणजे नवखाही विसरणार नाही. पट्ट्याचं झाकण आतून शेंदरी, उघडं राहिलं तर लांबूनच दिसावं. कामाच्या बाकाचे पाय राखाडी, पण वरच्या लाकडाला रंग नाही, नुसतं अळशीचं तेल. मी एकदा म्हटलं, बाक वरूनही रंगवून टाकू. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मी चहा सांगायला म्हणून बाहेर सटकलो.

एकदाच आमचं वाजलं. दसरा तोंडावर आला होता. खंडेनवमीला मशीनं पुसून, रंगवून, झेंडूची माळ घालून पुजायची, आणि त्या घाईत निम्मी वसाहत गंजावरूनच ब्रश फिरवते. माझी घाई वेगळी होती. सणानंतर दोन दिवसांनी एका मोठ्या कारखान्याचे साहेब गाळा बघायला येणार होते. त्यांचं काम मिळालं तर गाळा चालणार, नाहीतर शटर ओढून पुन्हा दुसऱ्याच्या शिफ्टमध्ये उभं राहायचं. आणि माझ्या एकुलत्या एक लेथच्या बिडाच्या पायाला वीतभर भेग होती. आतून लोखंडी पट्टी मारून, बोल्ट आवळून मी ती पक्की केली होती, धोका काही नव्हता. पण दिसायची. मी नाखवांना म्हणालो, लांबी भरून भेग बुजवा, वरून हिरवा मारा, कोण बघतंय.

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "भेग झाकायला मी नाय रंग देत. होडीची भेग झाकली तर ती मग पाण्यातच कळते, भाऊ."

माझं डोकं फिरलं. ही होडी नाही आणि गाळा माझा आहे, असं काहीबाही बोलून गेलो. त्यांनी ब्रश पुन्हा उचलला. अख्खं मशीन असं रंगवलं की त्यात तोंड दिसावं, आणि भेगेवरून चार बोटं रुंदीचा पातळ पांढरा पट्टा ओढला. भेग केसाएवढी जरी सरकली, तरी पांढरा फाटून काळी रेघ दिसेल, एवढं सांगून हात पुसत निघून गेले.

ते गेल्यावर मी हिरव्याचा डबा उघडला, खोटं कशाला बोलू? ब्रशही बुडवला. पण खंडेनवमीला हा माणूस पूजेला येणार, तेव्हा त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहू? डबा बंद केला.

साहेब आले. हिरव्यागार मशीनवर पांढरा पट्टा, नजर दुसरीकडे जाणार कशी? ते खाली बसले, नखाने चाचपून विचारलं. मी पट्टीपासून बोल्टापर्यंत सगळं सांगून टाकलं. उठताना ते म्हणाले, "इतर ठिकाणी भेग मला शोधावी लागते." आणि काम मला दिलं.

नाखवांना हे सांगायला गेलो आणि आधी माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पट्टा फाटला नाय ना?"

त्यानंतर दर खंडेनवमीला ते यायचे, जुना पांढरा काढून नवा द्यायचे. शेवटच्या वर्षी मोतीबिंदूने नीट दिसत नव्हतं, तर भेगेवरून अंगठा फिरवून म्हणाले, "हाय तसाच हाय. आता तुमी बघत जावा." पुढच्या पावसाळ्याआधीच ते गेले.

आज गाळ्यात कम्प्युटरवर चालणारी नवी मशीनं आहेत, कारखान्यातून गुळगुळीत रंगून आलेली. पण नव्या गिऱ्हाइकाला मी आधी जुन्या लेथपाशी नेतो आणि हा पट्टा कुणाचा ते छाती काढून सांगतो. खंडेनवमीला तो पट्टा मी दुसऱ्या कुणाला रंगवू देत नाही. जुना पांढरा काढण्याआधी खाली बसून अंगठा फिरवतो आणि गाळ्यातली पोरं हसली तरी मोठ्याने सांगतो, हाय तसाच हाय, नाखवा.