तेगूच्या घराची जमीन

सुरतेतल्या उधन्याच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या घरात फरशी होती. शोभाबाईकडे मातीची जमीनही होती.

घराच्या पाठीमागे, मोरी आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामध्ये, तीन-चार खाटा मावतील एवढं उघडं अंगण. एवढ्याशा तुकड्याचा तिला गर्व किती, तर एखाद्या पाटलीणबाईला बागायतीचा नसेल. लग्न होऊन ती खानदेशातून सुरतेला आली ती कोब्याच्या खोलीत. नवरा मागावर कामाला. खोल्या बदलत गेल्या, बमरोली झाली, पांडेसरा झालं, पण पायाखालचा कोबा काही बदलला नाही. कोब्यावर शेण धरत नाही. वाळलं की पापुद्रे सुटतात आणि पायाला चिकटून घरभर हिंडतात. तरी ती सणासुदीला सारवायची आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रे झाडत सुरतेला शिव्या द्यायची. नवरा गेल्यानंतर मुलाने, लखनने, हे घर घेतलं. घर बघायला आलेल्या बायका नळाला पाणी किती येतं ते बघत होत्या. शोभाबाई सरळ मागच्या दारातून बाहेर गेली, अंगठ्याने माती टोकरली आणि म्हणाली, घ्या.

मग तिने जमीन केली. गावाहून पांढऱ्या मातीची पोती रेल्वेने आणवली, बमरोलीच्या तबेल्यातून शेण आणलं, गव्हाचा भुसा कालवला, माती तुडवली, चोपण्याने बडवली, अर्धवट सुकल्यावर पुन्हा बडवली, गोट्याने घासून काढली आणि वरून सारवलं. हाताच्या अर्ध्या चंद्रकोरी एकीला एक लागून अशा उमटल्या की आभाळातून कुणी शेत नांगरून गेलंय असं वाटावं. त्या दिवसापासून तिला दुसऱ्या कुणाचंच काम डोळ्यांत भरेना. शेजारच्या गुजराती बाईची कोटा फरशी तिला थडग्याच्या दगडासारखी वाटायची. सून योगिता पोछा मारायची, त्याला ती म्हणायची की पोरगी ओलं फडकं दाखवून फरशीला भीती घालते.

अशा बाईच्या घरात लखनने तेगू आणले.

लखन भरतकामाच्या कारखान्यात संगणकावर साड्यांच्या डिझायनी पाडायचा. त्याचा शेठ वेसूला उंच इमारतीत राहायचा. श्रीमंतीला खाज सुटली की ती असंच काहीतरी पाळते. या शेठने तेगू नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या सरड्यांची जोडी पाळली होती. हातभर अंग आणि तेवढीच शेपूट, काळ्या कातडीवर पांढऱ्या ठिपक्यांचे पट्टे, आणि साप लपलपवतो तशी दुभंगलेली जीभ. दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवून शेठ पाहुण्यांना दाखवायचा. पाहुणे बघून संपले तशी शेठची हौसही संपली. लखन मात्र त्यांच्यावर खुळावला होता. नोंदणीचे सोपस्कार उरकून त्याने ती जोडी घरी आणली आणि आईला सांगितलं, की मागच्या अंगणात त्यांचं घर करायचं.

शोभाबाईने पिंजऱ्यात वाकून बघितलं.

"लखन, तू इले सोनानं नाव दे नहीतर चांदीनं. घोरपड ती घोरपडच."

घोरपड पाळली तर जंगलखातं धरून नेईल, ही घोरपड नाही, हिचं कूळच वेगळं, असं लखनने बरंच समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं की कूळ वेगळं आहे तर मग सोयरीक कुणाशी करणार. योगिता तोंडाला पदर लावून आत पळाली.

पण लखन तिचा एकुलता एक होता, आणि त्याला असं उत्साहात तिने बापाच्या मरणानंतर बघितलं नव्हतं. अंगण द्यायला ती तयार झाली, मात्र एका अटीवर. विटा तू रच, जाळी तू ठोक, पण खालच्या जमिनीला हात मी लावीन.

लखन व्हिडिओ बघून शिकलेला. प्रत्येक वीट रचताना तो मोबाईल भिंतीला टेकवून ठेवायचा आणि परदेशातला कुणी गोरा बाप्या त्याला सांगायचा तसं करायचा. कमरेएवढी भिंत उभी राहिली, तिच्यावर जाळी आली, अर्ध्यावर उन्हाला अडवायला पत्रा आला. एका कोपऱ्यात सपाट दगड आणि वर तापणारा दिवा, कारण या जातीला सकाळी अंग शेकल्याशिवाय अन्न पचत नाही. दुसऱ्या कोपऱ्यात लोळता येईल एवढं पाण्याचं टोपलं. भिंतीला बारीक फवारा, हवा दमट राहावी म्हणून. शोभाबाई मागच्या दाराच्या ओट्यावर बसून बघत होती. तिच्या बाळंतपणात कुणी तिला एवढं शेकलं नव्हतं, असं तिने भिंतीला ऐकवलं.

शेवटी लखन म्हणाला की आता आत गुडघाभर मोकळी माती भरायची, नारळाचा भुसा मिसळून, ओलसर. त्यांना बिळं करायची असतात.

शोभाबाईला हे ऐकून किळस आली. घरात आलेला पाहुणा, जनावर का असेना, त्याला ढिगाऱ्यावर बसवायचं?

"मोकळी माती उकिरडावर राहस," ती म्हणाली. "घरमा जमीन राहस."

लखन कामावर गेला आणि तिने चोपणं काढलं. जुनी जमीन विटांच्या कामात खरचटली होती. तिने ती उकरली, भिजवली, पुन्हा बडवली आणि अशी घट्ट केली की खलबत्ता ठेवला तर टण्ण वाजावा. वरून सारवलं. कडेने पांढऱ्या मातीचं बोट फिरवलं. संध्याकाळी लखन आला आणि दारातच उभा राहिला. तो डिझायनीतला माणूस. जमीन सुंदर झालीय हे त्याला दिसत होतं, आणि तेगूंच्या काही कामाची नाही हेही दिसत होतं. आईला हे सांगायचं धैर्य मात्र त्याच्या अंगात नव्हतं. कारखान्यात दहा जणांवर डाफरणारा हा बाप्या घरात आईच्या चोपण्याला भ्यायचा. त्याने बाजारातून प्लॅस्टिकचा टब आणला, त्यात भुसा-माती भरली, कोपऱ्यात ठेवला आणि आपण मोठा तोडगा काढला असं मानून झोपला.

तेगू आत सुटले. नर जाऊन दगडावर पसरला आणि दिव्याखाली पोट टेकून डोळे मिटले. शोभाबाईला तो आवडला नाही, पण समजला. तिच्या माहेरी असे पुष्कळ पुरुष होते. मादी सारवणावरून दोन पावलं चालली आणि तिची नखं घसरली. शोभाबाई खुशीत आली. बघ, म्हणाली योगिताला, पायाचा एक ठसा उठत नाही.

थंडी सरली, होळी झाली, सुरतेचं ऊन भट्टीसारखं पेटलं. मादीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं. लखनला भारी आनंद झाला. व्हिडिओतल्या गोऱ्यानं सांगितलेली सगळी लक्षणं जुळत होती. अंडी घालायच्या आधी ही मादी मातीत खळगा करते, त्यात गवतपाला ओढून आणते आणि घरटं रचते. जागा मनासारखी मिळाली नाही तर अंडी पोटात अडतात आणि ती मरते. हे तो योगिताला सांगत होता, पण आवाज असा मोठा ठेवून की ओट्यापर्यंत जावा.

मग एके दिवशी त्याने हिंमत केली. आई, म्हणाला, तिला टब पुरत नाही, ती त्यात बघतही नाही. जमीन फोडू दे.

शोभाबाईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्याने तिचं नाव शिधापत्रिकेतून काढायला सांगितलं होतं. सुरतेत तिच्या हाताचं एवढंच उभं होतं. नवऱ्याने विणलेलं कापड कुणाच्या अंगावर फाटलं ते तिला ठाऊक नव्हतं. मुलाच्या डिझायनी सहा महिन्यांत जुन्या होत. ही जमीन जुनी होत नव्हती, दर सारवणाला नवी होत होती. आणि ती फोडायची कुणासाठी, तर वेसूच्या शेठला नकोशा झालेल्या सरडीसाठी.

"आई, ती खोदाशिवाय जगाव नही," लखन म्हणाला.

"मग शेठकडे जगत व्हती ती? काचवर?" ती म्हणाली आणि शेंगा फोडायला घेतल्या.

मादीने खाणं सोडलं. योगिता अंडं फोडून ठेवायची, पपईच्या फोडी ठेवायची, मुंग्या लागायच्या. मादी भिंतीच्या कडेने फिरायची, इथून तिथे, तिथून इथे. जीभ काढून जमीन चाटल्यासारखी करायची, पंजा मारायची, नख घसरायचं, पुढे सरकायची. शोभाबाई ओट्यावरून बघायची आणि नावं ठेवायची. किती नखरे. आमच्या बाया शेतातून येऊन बाळंत व्हायच्या. हिला खोली दिली, शेक दिला, पाणी दिलं, तरी हिचं आपलं चाललंय.

एका दुपारी लखन कामावर होता आणि योगिता आत पडली होती. शोभाबाई सूपभर शेंगा घेऊन बसली, आणि जाळीच्या पलीकडून खर्र-खर्र असा आवाज येत राहिला. थांबायचा, पुन्हा यायचा. तिने मुद्दाम पाठ फिरवली. आवाज थांबेना. शेवटी उठून, कंबरेवर हात ठेवून, शिवी तोंडात तयार ठेवून ती जाळीशी गेली.

मादी पत्र्याखालच्या सावलीत होती. दोन्ही पुढच्या पंजांनी जमीन ओरबाडत होती. चंद्रकोरींवर पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, आणि रेघांच्या टोकाला लाल. एका पंजाचं नख उलटलं होतं. ती दम घ्यायला थांबायची, पोट टेकायची, पोट जमिनीवर नीट टेकतसुद्धा नव्हतं, आणि पुन्हा त्याच जागी लागायची. शोभाबाईकडे तिने पाहिलंही नाही.

शोभाबाईने जाळीला कपाळ टेकून त्या रेघा बघितल्या. एवढ्या खटाटोपात त्या मुक्या जीवाने बोटभर माती काढली नव्हती. जमीन खरंच फार चांगली झाली होती. गावात तिच्या सासूनेसुद्धा अशी केली नसेल. आणि तिच्या अंगाला एकदम ती जुनी कोब्याची खोली आठवली, जिथे पोटातलं ओझं घेऊन ती भिंतीला धरून फिरली होती आणि टेकायला एक मऊ जागा सापडली नव्हती. तेव्हा घरमालकीण दारात उभी राहून म्हणाली होती, की हिचे नखरे फार.

ती आत गेली आणि मोरीमागची पहार घेऊन आली.

आवाजाने योगिता धावत आली तर सासू जाळीच्या आत, पदर खोचलेला, सारवणावर पहार घालतेय. ढेकळं उडत होती. नर घाबरून टोपल्यात शिरला होता. मादी भिंतीला चिकटून फुसफुसत होती. आई, मी करते, असं योगिता म्हणाली. दुसऱ्याला जमायचं नाही, असं उत्तर मिळालं. ज्याने घट्ट केली त्यालाच ती कुठून सुटते ते ठाऊक. शोभाबाईने ढेकळं हाताने चुरली, पाणी शिंपडलं, टबातला भुसा त्यात ओतला, आणि गल्लीच्या टोकाच्या म्हशीवाल्याकडून योगिताने आणलेलं वाळकं गवत कोपऱ्यात टाकलं. मग ओट्यावर येऊन बसली.

मादी ऊन उतरेपर्यंत हलली नाही. मग सरकली, मातीत तोंड खुपसलं, आणि पंजे असे चालवले की माती मागे धारेने उडू लागली. खळगा झाल्यावर ती गवत तोंडात धरून मागे मागे ओढत नेऊ लागली.

लखन आला तेव्हा ती घरट्यात अर्धी बुडाली होती. त्याने एकदा तुटलेल्या जमिनीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि जाळीचं दार उघडायला गेला.

शोभाबाईने दारात पहार आडवी धरली.

"मोबाईल खिसामा ठेव. बाळतीननी खोलीमा रिकामा हाते कोनी जात नही. जा, आखो गवत लई ये."

तो आणखी गवत आणायला गेला. शोभाबाईने जाळीतून पुन्हा एकदा आत पाहिलं. घरटं वाकडं होतं, एका बाजूला गवत जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, कडा कुठेच दाबलेली नव्हती. हिला कुणी शिकवलंच नाही, ती योगिताला म्हणाली, आणि मादी फुसफुसली तशी दोन पावलं मागे सरकली.