सासऱ्यांनी पाहिलेला सिनेमा

धाराशिवमध्ये आजवर जेवढे सिनेमे लागले, तेवढे सगळे माझ्या सासऱ्यांनी थेटरात जाऊन पाहिलेत आणि तरीही एक अर्धा सोडला तर त्यांनी एकही सिनेमा पाहिलेला नाही, असं मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडेच काळजीने बघायला लागतो. पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सासरे तिकीट काढतात, वेळेच्या आधी जाऊन बसतात, शेवटची नावं सरकून दिवे लागेपर्यंत उठत नाहीत. फक्त पडद्याकडे बघत नाहीत. ते लोकांकडे बघतात. रांगेतली भिंतीकडची खुर्ची धरायची, भिंतीला पाठ टेकवून तिरकं बसायचं आणि पडद्याचा उजेड ज्यांच्या तोंडावर पडतो ती तोंडं न्याहाळत राहायचं, असा त्यांचा सिनेमा. "पडद्यावरलं मानूस पैशे घेऊन हसतंय," ते म्हणतात, "आन् खुर्चीतलं मानूस पैशे देऊन हसतंय. ह्यातलं खरं कुनाचं, तुमीच सांगा."

सगळं घर त्यांना आप्पा म्हणतं, मीही तेच म्हणतो. या आप्पांच्या नादापायी थेटरात काय काय प्रकार झालेत, ते माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकावेत. एकदा म्हणे कॉलेजातलं एक जोडपं कोपऱ्यात बसलं होतं. आप्पा एकटक बघतायत म्हटल्यावर ती पोरं आधी दोन रांगा पुढे गेली, मग उलट्या बाजूला गेली आणि शेवटी मध्यंतराच्या आतच तोंड लपवून बाहेर पळाली. आप्पांना फार वाईट वाटलं. "म्या कुठं त्यांच्याकडं बघत हुतो?" ते म्हणाले, "त्यांच्या मागं तेर गावचं एक म्हातारं बसलं हुतं. काय रडत हुतं वो ते!" दारावरचा माणूस नवीन असला की त्याला आप्पा साध्या वेशातले पोलीस वाटतात. एकाने तर त्यांना फुकटचा चहा आणून दिला होता. तो आप्पांनी घेतला नाही, कारण चहा पीत असताना माणसांवरची नजर हलते.

बरं, कुणी विचारलं की आप्पा, सिनेमा कसा आहे, तर ते मोकळेपणाने सांगतात आणि त्यांचं सांगणं सहसा चुकत नाही. गोष्ट काय होती, नायिका कोण, गाणी किती, यातलं त्यांना ओ की ठो ठाऊक नसतं. "पयल्या अर्ध्या तासात येफरच्या पुड्यांचा आवाज थांबला न्हाय. पडनार पिच्चर." किंवा, "एका बाईचं लेकरू मांडीवरनं घसरून खाली बसलं, तरी तिला पत्ता न्हाय. जावा, बघून या." गल्लीतले लोक खरोखर या बोलण्यावर विसंबून तिकीट काढतात. पेपरातलं परीक्षण वाचून सिनेमाला जाणारा माणूस आमच्या सासुरवाडीच्या गल्लीत मी तरी पाहिलेला नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं ते दुकानातून. घराणं जळकोटकडचं, कापडाचा धंदा पिढीजात. घरात मराठी, सीमेपलीकडच्या सोयऱ्यांशी कानडी, आणि एकदम दचकले की देवाला हाक मात्र कानडीतूनच. आप्पा दहा-बारा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना गादीवर बसवून पहिला धडा दिला तो असा की, थान उलगडताना कापडाकडं बघायचं नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्याकडं बघायचं. कापड त्याला बघू दे. डोळा जिथं थांबला तिथं हात थांबवायचा. आप्पांनी हा धडा असा काही अंगात मुरवला की पुढे लग्नात ते नवरदेवाकडे न बघता वऱ्हाडाकडे बघू लागले, कीर्तनात बुवांकडे न बघता टाळकऱ्यांकडे बघू लागले, आणि थेटर म्हणजे तर काय, शेकडो गिऱ्हाइकं एकाच थानाकडे बघत ओळीने बसलेली. ते सुख ते सोडतात होय?

आता हे सगळं गमतीतच राहिलं असतं. पण आप्पांनी या विद्येवर जावई निवडायचा घाट घातला. मुलगी एकुलती एक. पाहुणे बघून गेले, कांदेपोहे झाले, पत्रिका जुळली, दोन्हीकडून होकार आला, तरी आप्पा म्हणायचे, "एकडाव पिच्चरला बसू." त्यांचं म्हणणं असं की माणूस चारचौघांत बोलतो शिकवलेलं, पण अंधारात हसतो ते स्वतःचं. इंजिनियर झालेला एक मुलगा पडद्यावरचं माणूस जिन्यावरून गडगडल्यावर पोट धरून हसला, तो गेला. "दुसरं पडलं की ह्याला गोड वाटतंय." दुसरा शेजाऱ्याच्या पाठीत धपाटे घालत हसत होता, तोही गेला. तिसरा चांगला होता हो, पण तो आधी आजूबाजूला बघायचा, चारजण हसले की मग हसायचा. "ह्याला सोताचं हसू बी उसनं आनावं लागतंय," आप्पा खेळ सुटल्यावर म्हणाले आणि तोही गेला. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "तुमच्या पिच्चरच्या नादात पोरगी घरात ऱ्हायल, सांगून ठेवते!" आणि पोरगी? ती आप्पांना एका शब्दाने दुखवायची नाही. असाच काळ चालला होता, आणि त्यात माझं स्थळ गेलं.

मी तेव्हा वीज कंपनीत तुळजापूरला होतो. बघायला गेलो आणि सरळ सांगतो, मला ती मुलगी फार आवडली. इतकी, की परत येताना एसटीत मी माझा थांबा चुकलो. तिलाही मी बरा वाटलो असावा, कारण पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट मुद्द्यावर. "रविवारी आप्पा पिच्चरला बोलावतील. नीट ऐका. कुणी पडलं तर हसू नका. मोठ्यानं हसू नका, पर अगदीच गप बी बसू नका. मोबाइल काढू नका. आन् मधीच आप्पांकडं बघू नका, त्यांना ते आवडत न्हाय." मी म्हटलं, मग हसायचं कधी? ती म्हणाली, "आलं तर हसा." बोंबला! दोन दिवस मी आरशासमोर बेताचं हसून पाहिलं. आमच्या आईला वाटलं, पोराचे दात दुखायलेत.

रविवार उजाडला. थेटरात लागलेला सिनेमा गुप्तहेराचा होता, आणि तोही गंभीर गुप्तहेर नव्हे. हा गडी अंगात राखाडी सूट घालून, केस विंचरून, जगात कुणाचीही पत्रास न ठेवता फिरायचा. बाँब फुटायला दोन मिनिटं उरलेली असताना वरिष्ठांना व्हिडिओ कॉल करून म्हणायचा की साहेब, तुमच्या केसांच्या टोपाचं पुढचं टोक उचललंय, तेवढं आधी बसवा. पहिल्या दहा मिनिटांत थेटर डोक्यावर. कॉलेजची पोरं शिट्ट्या मारतायत, मागे बायांचा एक घोळका खलनायकाला नावं ठेवतोय, पुढच्या रांगेतले एक मास्तर "वरिष्ठांशी असं बोलतात व्हय?" म्हणून चुळबुळतायत आणि दुसऱ्याच मिनिटाला तोंडावर रुमाल धरून खांदे हलवतायत. आमची ओळ अशी: भिंतीला आप्पा, मग मी, मग सासूबाई, आणि पलीकडे ती. म्हणजे आप्पांचं तोंड माझ्या कानापासून हातभर. मी पडद्याकडे बघत होतो, पण काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. सगळं थेटर खदखदतंय आणि मी विचार करतोय, आता हसावं का? हा माणूस पडला की पाडला?

मध्यंतर झालं, आणि मग तो प्रसंग आला. शत्रू पाठलाग करतायत आणि हा गडी शिरतो एका शिंप्याच्या दुकानात. म्हातारा शिंपी त्याला आत घेऊन नवा सूट चढवतो, आणि एकीकडे मापाची टेप खांद्यावर, एकीकडे त्याच टेपने एकेक गुंड आडवा, अशी मारामारी सुरू. गडी मधेच थांबून म्हणतो, बाही अर्धा इंच मोठी झाली हो. माझ्या कानापाशी काहीतरी हललं. आप्पा भिंतीपासून सुटे झाले होते. हळूहळू त्यांची मान फिरली, मग खांदे फिरले, मग ते अख्खे पडद्याकडे वळून बसले. "टेरीवूल न्हाय ते," ते स्वतःशीच पुटपुटले. "असली सुरकुत न पडनारी जात बघितली न्हाय आपुन." गडी आगीतून निघाला, हौदात पडला, बाहेर आला, सूटची घडी जशीच्या तशी. "खोटं हाय!" आप्पा मोठ्याने म्हणाले. "आक्रसलं पायजे हुतं!" चारपाच माना मागे वळल्या. तेवढ्यात त्या गड्याने काय करावं? जखमी शिंप्याच्या हाताला बांधायला म्हणून त्याने तो नवाकोरा कोट धरला आणि उभा टराटरा फाडला.

"अय्यो शिवा! फाडलं की रे!" आप्पा खुर्चीतून अर्धे उठलेच. सगळं थेटर फुटलं. आणि पडद्यावर तो शिंपी, हाताची पट्टी बघत, कळवळून म्हणाला, अरे, निदान शिवणीवर तरी फाडायचं. झालं. आप्पा हसायला लागले. आधी आवाजच नाही, नुसतं अंग गदगदतंय, डोळे मिटलेले. मग एक बारीक लांब सूर निघाला, आणि मग ते जे सुटले ते सुटले. एका हाताने माझं मनगट धरलेलं, दुसऱ्याने गुडघा बडवतायत, डोळ्यांतून पाणी. मी सगळ्या सूचना विसरलो. त्यांच्याकडे बघू नका म्हणाली होती, मी त्यांच्याचकडे बघत होतो आणि त्यांना बघून हसत होतो. ते थांबले की मी थांबायचो, त्यांना परत उमाळा आला की मलाही यायचा. पुढे त्या खलनायकाचं काय झालं, विचारू नका.

खेळ सुटल्यावर आम्ही स्टँडाजवळच्या हॉटेलात बसलो. गुलाबजाम आले. आप्पा चमच्याने पाकातला गुलाबजाम नुसता गोल फिरवत होते. त्यांचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

"पाव्हनं," ते खाली बघत म्हणाले, "माफी करा. इंटरवलच्या म्होरं म्या तुमच्याकडं बघितलंच न्हाय. पिच्चर बघत बसलो. आता न बघता हो म्हनलं तर इतक्या पोरांना न्हाय म्हनलो त्याला काय अर्थ ऱ्हायला? पुढल्या रविवारी परत बसू."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. पुन्हा तो अंधार, पुन्हा ते आरशासमोरचं हसणं, आणि या वेळेस नक्की काहीतरी चुकणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

"नका बसू," ती म्हणाली. "मी बघितलंय, आप्पा."

"काय बघितलंस?"

"तुमी हसला की ते हसत हुते. तुमी थांबला की थांबत हुते. पिच्चरकडं त्यांचं ध्यानच नव्हतं."

आप्पांनी मान वर केली. "तुला काय ठावं? तू पिच्चर बघत नव्हतीस?"

"मी कधी बघितलाय पिच्चर?" ती म्हणाली. "लहान असल्यापासनं तुमी मला थेटरात नेता. तुमी लोकांकडं बघता, आन् मी तुमच्याकडं बघत बसते. पर तुमाला असं हसताना आज पयल्यांदा बघितलं. तुमचं हसनं बघून ज्याला हसू येतंय, तो मला पायजे."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, परत काढला.

"एवढी वर्सं कधी सांगितलं न्हाईस, माय," ते म्हणाले.

"तुमी हिकडं कुठं बघायचा, आप्पा?" ती अगदी मायेने म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं असावं. त्यांनी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहिलं, सगळ्यांच्या देखत, आणि मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "पाव्हनं, तारीख काढा."

लग्न वैशाखात झालं. आप्पांनी स्वतःच्या हाताने कापड कापून माझ्यासाठी जाडजूड सूट शिवून घेतला, त्यात मी अक्षतांच्या आधीच उकडून निघालो. त्या दिवशी मांडवात आप्पांनी वऱ्हाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते लेकीकडे बघत उभे होते, आणि गाडी हलली तेव्हा लहान मुलासारखे रडले.

पुढे माझी बदली चंद्रपूरला झाली. धाराशिवला वर्षातून एकदा जाणं होतं, तेही धावतपळत. इथे आम्ही दोघं कधीमधी सिनेमाला जातो. ती माझ्या शेजारी बसते आणि सरळ पडद्याकडे बघते, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, नजर हलत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, चला, बाई रमली. परवा एक चांगला तुफान विनोदी सिनेमा होता, सगळे लोटपोट हसत होते, आणि मध्यंतरात तिने घड्याळ बघितलं. मी विचारलं, का गं, आवडला नाही?

"चांगला हाय की," ती म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "आप्पा शेजारी नसले की पिच्चर लई लांबतो."