कालव्यावर रिकाम्या हातानं

आमच्या गावामागून जायकवाडीचा उजवा कालवा जातो. त्याच्या भरावावरचा रस्ता काही वर्षांपूर्वी सिमेंटचा झाला, तलवाड्याच्या बाजूला पार पुढच्या पुलापर्यंत सलग, आणि त्या दिवसापासून गावातल्या पुरुषांना तब्येत सुचली. पांढरे बूट घालून, हात हलवत, फोनवर कापसाचा भाव विचारत ते सकाळ-संध्याकाळ चालतात. कुठं निघालात, असं त्यांना कुणी विचारत नाही. मला पहिल्या दिवशी पुलापर्यंत सात जणांनी विचारलं. मी मोजले, कारण राग आला की मी मोजते.

मला शुगर निघाली होती. गेवराईच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज पाऊण तास चाला म्हणाले. मी पदर खोचून निघाले. कठड्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना फिरायला चालले म्हणून सांगितलं, तर त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. शेळ्या घेऊन चाललेल्या बाईनं विचारलं, आज शेतात गडी आला नाही का. एकानं मोटारसायकल थांबवली आणि सोडू का म्हणाला. भला माणूस होता, पण मला कुठं पोचायचंच नव्हतं, आणि हे त्याला कसं सांगावं ते मला कळेना.

तिसऱ्या दिवशी थोरल्या दिरांनी माझ्या नवऱ्याला ओट्यावर बोलावून घेतलं. वाटण्या होऊन वीस वर्षं झाली, चुली वेगळ्या, पण शब्द अजून त्यांचाच चालतो. घरातली बाई कालव्यावर नुसती हिंडती, भांडण झालंय का, असं लोक विचारतात म्हणे. बाई एकटी कालव्याकडं निघाली की आमच्याकडं लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, ही जीव द्यायला चालली, आणि तसं का येतं तेही मला ठाऊक आहे. पण मग त्या बाईला घरात काय होतं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

चौथ्या दिवशी मी हातात विळा घेतला आणि काखेत रिकामं पोतं. सगळ्यांची तोंडं बंद. तीच बाई, तोच रस्ता, तीच वेळ, पण आता ती गवताला चालली होती. गवत मी कापत नव्हते. पुलापर्यंत जायचं, परत यायचं, आणि घराजवळ आलं की पोतं जरा फुगवून धरायचं. मी गावाला बनवलं म्हणून स्वतःवरच खूश होते. एवढीच माझी अक्कल.

मग अक्कांचं निघालं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, साठीच्या पुढच्या. त्यांचा बीपी वाढलेला, हृदयही थोडं कमजोर झालेलं. त्यांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं. अक्का आयुष्यात कधी कामाशिवाय उंबऱ्याबाहेर पडलेल्या नव्हत्या. त्यांच्या हातात विळा मी दिला. घाबरू नका, कुणी काही म्हणत नाही, असं मीच सांगितलं.

पुढच्या दोन महिन्यांत मला अक्का नव्यानं कळल्या. त्यांचं माहेर चकलांब्याकडचं. त्या परकरात असताना दुष्काळात हा कालवा खोदायचं काम निघालं, तेव्हा आईबरोबर त्या इथं माती वाहायला येत. बेशरमाच्या झाडांपाशी एक वळण आहे, तिथं त्या थांबल्या आणि पायानं सिमेंट दाबून म्हणाल्या, "ह्याच्या खाली माझी माती हाय. इथून तिथवर आमची बायांची रांग असायची. टोपलं खाली ठिवलं की मुकादम वरडायचा." हे त्या हसत सांगत होत्या. पाणी सुटलेलं होतं, कालवा काठोकाठ वाहत होता, आणि त्यांची चाल इतकी सरळ मी घरात कधी पाहिली नव्हती. समोरून येणाऱ्या पांढऱ्या बुटांना मात्र आम्ही दोघी कडेला सरकून वाट देत होतो. ज्या बाईनं तो भराव घातला, तीसुद्धा.

अक्कांना एक गोष्ट जमत नव्हती, खोटं. रिकामं पोतं परत नेणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मूठभर गवत कापलं, मग पेंढी, मग डोक्यावर भारा. मी दोनदा राहू द्या म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण त्यांच्या भाऱ्यामुळं माझंही फिरणं खरं दिसत होतं. हे लिहायला मला जड जातं, पण ते तसंच आहे.

एके दिवशी पाऊस होऊन गेला होता, गवत ओलं होतं. कालव्याच्या गेटाजवळ अक्का थांबल्या, एका हातानं माझा दंड धरला, काहीतरी म्हणणार होत्या, तेवढ्यात भाऱ्यासकट खाली आल्या. मनगट मोडलं. डोकं सिमेंटवर आपटलं नाही, एवढंच नशीब. त्यांना चालायला सांगितलेले डॉक्टर दवाखान्यात माझ्यावरच डाफरले, की ह्यांना चाला म्हटलं होतं, ओझं वाहायला कुणी सांगितलं. दीर, माझा नवरा, मी, सगळे तिथंच उभे होतो. सांगितलं तर सगळ्यांनीच होतं.

मला वाटलं, आता तरी घरात कुणाला लाज वाटेल. आता अक्का रिकाम्या हातानं चालतील आणि थोरले दीर स्वतः लोकांना सांगतील की बायकोला डॉक्टरांनी चालायला लावलंय. एक वाक्य पुरलं असतं. त्यांच्या शब्दापुढं गावात कुणी बोलत नाही. त्याऐवजी त्यांनी पुण्याला मुलाला फोन केला, आणि पंधरा दिवसांत घरी चालायचं मशीन आलं. ट्रेडमिल. मागच्या खोलीत, गव्हाच्या पोत्यांशेजारी, भिंतीकडं तोंड करून ते बसवलं. बघायला अर्धी गल्ली येऊन गेली. बायकोची किती काळजी करतो बघा, असं बाया म्हणाल्या, आणि दीर ओट्यावर बसून ते ऐकत राहिले.

प्लास्टर निघाल्यावर अक्का त्यावर चालू लागल्या. नवव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले, तर दीर ओट्यावर बसून बूट चढवत होते. मी आजवर त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, आवाज तर कधीच चढवला नव्हता. मी म्हटलं, "दादा, मशीन एवढं चांगलं हाय, तर तुमी कावून त्याच्यावर चालत न्हाई?"

त्यांना राग आला नाही. त्यांना प्रश्नच कळला नाही. बुटाची नाडी बांधता बांधता ते सरळपणे म्हणाले, "मला मोकळी हवा लागती."

आणि ते कालव्याकडं निघून गेले. मी तशीच मागच्या खोलीत गेले. अक्का डोक्यावर पदर घेऊन, भिंतीकडं बघत, पट्ट्यावर चालत होत्या. मी भिंतीतला प्लग उपसला. पट्टा थांबला, त्या पुढं झुकल्या आणि दांडी धरून सावरल्या.

चला, मी म्हणाले. आत्ता कालव्यावर चला, हातात काही घ्यायचं नाही, विचारणाऱ्याशी मी बोलते.

अक्का उतरल्या नाहीत. मोडलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत त्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात माझ्याविषयी माया होती, तीच मला सोसवेना.

"तुझं घर निराळं हाय, बाई," त्या म्हणाल्या. "मला ह्या घरात ऱ्हायचंय. लाव ती वायर. अजून ईस मिन्टं हायेत."

मी वायर लावली. अक्कांनी बटण दाबलं, पदर सावरला आणि चालायला सुरुवात केली.